ह्यांच्या रक्ताचा आकडा

माझ्या नणंदेची मुलगी आमच्याकडे राहायला आली ती हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून. तिचे वडील बँकेत. बदली होऊन ते जयपूरला आले, तिथल्या मानसरोवर भागात बरीच वर्षं राहिले आणि मुलीचं शिक्षण चालू असतानाच त्यांना रायपूरला पाठवलं. मुलगी तेव्हा पीएच.डी. करत होती, ती अर्धी टाकून जाता येईना. मग ती मामाकडे आली. आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि मागे व्हरांडा. हे व्हरांड्याला पत्रे ठोकून तिला खोली करून देणार होते. ती म्हणाली, "मामा, मी बाहेरच्या खोलीतच झोपते. मला टीव्हीचा आवाज चालतो."

"टीव्हीचा चालेल," हे म्हणाले. "माझ्या छातीचा चालेल का ते सांग."

ह्यांना लहानपणापासून दमा. नोकरी गाड्या धुऊन तपासतात त्या डेपोत, फिटर म्हणून. डब्याखाली शिरून चाकं, ब्रेक, स्प्रिंगा बघायच्या. लोखंडाची बारीक काळी धूळ नाकातोंडात जायची आणि वरून जयपूरची वाळू. एप्रिलपासून आंध्या, वाळूची वादळं, सुरू झाली की हे पलंगाच्या कडेला बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर. तशा वेळी बोलायचे नाहीत. मी पाठीवर हात ठेवला तरी त्यांना जड वाटायचा, म्हणून मी नुसती शेजारी उभी राहायची. छातीतून बारीक शिट्टी यायची. ती शिट्टी ऐकू येत होती तोवर मला बरं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिट्टी थांबली आणि माणूस तसाच बसलेला असला तर लगेच घेऊन या.

त्यांचे पंप दोन. एक निळा, दम लागला की ओढायचा. दुसऱ्यात रोज सकाळी एक कॅप्सूल घालायची, पिळून फोडायची आणि तिची पूड आत ओढायची. ती ओढल्यावर चूळ भरून घसा खळखळवायचा, नाहीतर तोंड येतं. ही कॅप्सूल कधी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी ह्यांना आणि मला दोघांनाही बजावलं होतं. दम लागलेला नसला तरी घ्यायची. निळ्या पंपाने फक्त त्या वेळेपुरतं निभावतं, खरं औषध हे, असं ते म्हणाले होते. कॅप्सूल सुरू झाल्यापासून दोन उन्हाळे बरे गेले होते.

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. शिकलेल्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. भाची आपली, घरातली, तरी सुरुवातीला तिच्याशीही बोलताना मी शब्द शोधायची. पण ती मी पोळ्या लाटत असताना ओट्याला टेकून उभी राहायची आणि न विचारता आपलं काम सांगायची. तिला सांगायला कुणी नव्हतं आणि मला ऐकायला आवडायचं.

"रक्तात पांढऱ्या कोशिका असतात ना, मामी..."

"पेशी म्हण," बाहेरून हे म्हणाले. "आईबापांनी मराठी विकून खाल्ली का?"

"हां, पेशी. मतलब, रोग आला की धावतात त्या. त्या प्रत्येक पेशीला एक साल असते. एकदम पातळ. आणि ती साल चरबीची असते. त्या चरबीतला थोडा भाग असा असतो की त्याला ऑक्सिजन लागला की तो बदलतो."

"खवट होतो?" मी विचारलं. "खोबरं होतं तसा?"

ती हसली. "तसाच. पण खोबरं आपोआप खवट होतं. ही पेशी मुद्दाम करते. धूळ गेली, जंतू गेला की आपल्याच सालीतली चरबी खवट करते आणि त्यावरून बाकीच्या पेशींना कळतं की इकडे काहीतरी झालंय. मग तिथे सूज येते. आतापर्यंत सगळ्यांना वाटायचं की ही खवट चरबी सालीतून सुटते, बाहेर जाते आणि संपते. आता असं दिसतंय की सगळी जात नाही. थोडी ती परत सालीतच बसवून ठेवते."

"कशाला ठेवते?"

"तेच कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं, सूज आवरण्यासाठी. कुणी म्हणतं, त्यामुळेच सूज जात नाही. दमा असलेल्यांच्या पेशींत ती जास्त साठते का, हे मी बघतेय."

बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मग मी इथे काय मेलोय का? माझं रक्त घे की."

ती लगेच हो म्हणाली नाही. घरच्या माणसाचं घेता येईल का ते सरांना विचारते म्हणाली. सर हो म्हणाले. तिने कागद आणला, त्यावर ह्यांनी सही केली. मग तिने नियम सांगितले. रक्त देण्याआधी पंधरा दिवस अंगदुखीची, डोकेदुखीची, तापाची गोळी घ्यायची नाही, कारण त्या गोळ्या नेमक्या ह्याच चरबीच्या कामात ढवळाढवळ करतात. "पण तुमचे पंप चालू ठेवायचे, मामा. ते थांबवायचे नाहीत. कोण काय घेतं ते आम्ही नुसतं लिहून ठेवतो." हे तिने माझ्यासमोर सांगितलं. मी ते ऐकलंय.

डब्याखाली वाकून ह्यांची कंबर रोज दुखायची. गोळी घेतल्याशिवाय झोप नाही असा माणूस, पण ते पंधरा दिवस गोळी बंद. मी कंबरेला तेल लावून द्यायची. हे म्हणायचे, "विज्ञानासाठी कंबर मोडली म्हणून बोर्ड लाव दारावर."

पहिल्यांदा रक्त देऊन आले तेव्हा खूप खुशीत होते. मला सगळं सांगितलं. रक्ताच्या नळ्या एका यंत्रात गरगर फिरवतात, मग तांबडं खाली बसतं आणि मधे पांढरट पातळ थर राहतो. तोच भाचीला हवा असतो, बाकीचं फेकून देतात. तो थर ती काचेच्या बारीक नळीने इतका हळू उचलते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. "माझा तर तसाही अडकतो," असं म्हणून हसले. डेपोतल्या मित्रांनाही त्यांनी सांगितलं असणार, कारण नंतर एकजण रस्त्यात भेटला तर मला म्हणाला, "भाभीजी, साहब तो सायंटिस्ट हो गए."

दर दोन-तीन महिन्यांनी हे रक्त देत राहिले. भाचीकडे दुसरेही दम्याचे लोक यायचे आणि काही धडधाकट लोकही.

मग २००८च्या उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा ती घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. जेवायला बसली, पण भात चिवडत राहिली. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली की आकडे जमत नाहीत. दम्याच्या लोकांचे आकडे वेगळे यायला हवेत, पण बऱ्याच जणांचे धडधाकट माणसासारखेच येतात.

"माझा कसा आला?"

"तुमचा तर अगदी निरोगी माणसाचा, मामा."

"मग मला दमा नाही. डॉक्टरने फसवलं."

"दमा आहे. तुमच्या पंपामुळे दबून राहत असेल. सर म्हणतात, आपल्याकडे येतात ते सगळे औषधावरचे लोक. औषध न घेतलेला माणूस कुठून आणायचा?" ती रडवेली झाली होती. "असंच चाललं तर मला विषय बदलावा लागेल. दोन वर्षं गेली, मामी."

ह्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "आमच्याकडे बोगीला, डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, तडा आहे का ते बघायचं असलं ना, तर आधी रंग खरवडावा लागतो. रंगाखाली तडा दिसत नाही. कुणी नवा रंग मारून डबा पाठवला की आम्ही शिव्या घालतो."

"तसंच आहे बघा," ती म्हणाली.

हे बोलणं मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. त्यात कुणी कुणाला काही करायला सांगितलं नव्हतं. ती दमलेली होती आणि तिने आपलं दुखणं सांगितलं. ह्यांना डब्यांचं जे माहीत होतं ते ह्यांनी सांगितलं. मी भात वाढत होते. मग ताटं उचलली आणि टीव्ही लागला.

पुढच्या वेळी रक्त द्यायचं ठरलं तेव्हा कंबरेची गोळी नेहमीप्रमाणे बंद झाली. सकाळी मोरीतून घसा खळखळवण्याचा आवाज यायचा तसा येत होता. डबीतल्या कॅप्सूल रोज कमी होत होत्या. निळा पंप जास्त वापरतात असं मला दिसलं. तसं मी म्हटलंही, तर म्हणाले, "आंध्या सुरू झाल्यात, आता वापरायचा नाही तर कधी?" ते खरंच होतं. दर वर्षी त्या दिवसांत निळा पंप जास्त लागायचाच.

त्यांनी जाऊन रक्त दिलं. घरी आल्यावर दमलेले दिसले. जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ नका म्हटलं तर ऐकलं नाही. दुपारी मोठी आंधी आली. आभाळ पिवळं झालं, दारंखिडक्या लावूनही घरात वाळू आली. मी भांड्यांवर फडकी टाकत होते तेव्हा डेपोतला माणूस दारात आला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा हे बसलेलेच होते, हात गुडघ्यांवर. तोंडावर ऑक्सिजन लावला होता. मी जवळ गेले आणि कान दिला. शिट्टी नव्हती. डॉक्टर, नर्स सगळे धावत होते, जे करायचं ते करत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही. नंतर त्यांना आडवं केलं, नळी घातली, मला बाहेर पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

भाची माझ्याजवळच होती. ती खूप रडली. मला रडू उशिरा आलं.

नणंद आणि तिचे यजमान रायपूरहून आले. नणंदेचा आपल्या दादावर फार जीव होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची. "रक्त काढून काढून माझ्या दादाला पोकळ केलं. अंगात काही राहिलंच नाही, मग दम कसा निघणार?"

"आई, एवढंसं रक्त घेतात," भाची म्हणायची. "रक्तदानाला देतात त्याच्या पाव भागसुद्धा नाही. त्याने काही होत नाही."

"तू मला शिकवू नकोस. एवढी शिकलीस आणि मामाचंच रक्त सापडलं तुला? बाजारात मिळत नव्हतं?"

"आई, मी सांगतेय ना, त्याचा काही संबंध नाही. कुणालाही विचार. डॉक्टरांना विचार."

"बघा वहिनी, कशी उलटून बोलते."

 संबंध नाही हे मलाही पटत होतं. एवढ्याशा रक्ताने माणूस जात नाही हे मला भाचीनेच समजावलं होतं आणि तिच्यावर माझा विश्वास होता.

तेराव्यानंतर नणंदेचे यजमान परत गेले, नणंद माझ्यासाठी मागे राहिली. त्याच आठवड्यात डेपोतून ह्यांच्या कपाटातलं सामान आलं. बूट, डबा, एक जुना टॉवेल, नटबोल्टांचे पाने घेऊन जायची कापडी पिशवी. पिशवी झटकली तर तळातून प्लास्टिकची गोल डबी पडली, पानसुपारीची असते तशी. उघडली तर आत कॅप्सूल. न फोडलेल्या. गुलाबी-पांढऱ्या, त्याच.

मी खाली बसले. कितीतरी वेळ मला एवढंच कळत होतं की ह्या कॅप्सूल घरातल्या डबीतून काढलेल्या आहेत. मग हळूहळू बाकीचं कळलं. रोज एक काढायची, खिशात टाकायची, मोरीत जाऊन नुसताच घसा खळखळवायचा. माझ्यासाठी. आणि कॅप्सूल डेपोत नेऊन ठेवायच्या, फेकायच्या नाहीत, कारण रक्त देऊन झालं की परत सुरू करायच्याच होत्या. औषध वाया घालवणारा माणूस नव्हता तो.

मी डबी माझ्या साड्यांखाली ठेवली. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगून हे परत येणार नव्हते. नणंदेला कळलं असतं तर तिने पोरीला जगू दिलं नसतं. आणि पोरीने स्वतःलाही.

मग पंधरा-वीस दिवसांनी भाची दुपारीच घरी आली. नणंद शेजारी गेली होती. भाचीचे डोळे लाल होते, पण चेहरा वेगळाच होता. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर मला जरा उजेड दिसला.

"मामी, मामांचा आकडा आला."

मी पाखडत होते ते सूप खाली ठेवलं.

"शेवटचं जे दिलं होतं ना, ते. मी बाजूला ठेवलं होतं, माझा हातच लागेना. सर म्हणाले कर, त्यांनी दिलंय ते वाया घालवू नको. सगळ्यांत जास्त आलाय. आधीच्या त्यांच्याच आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त. पेशींच्या सालीत ती चरबी भरून राहिली होती, मामी. सर म्हणतात, ह्याचा अर्थ असा की पंप चालू असतानासुद्धा अटॅक यायच्या आधी ती साठायला लागते. मतलब, आधी कळू शकतं. कुणाला अटॅक येणार ते रक्तावरून आधी कळू शकतं." ती भरभर बोलत होती. "अजून पुष्कळ लोकांत बघावं लागेल. पण सुरुवात मामांपासून झाली असं मी लिहिणार आहे. नाव लिहिता येत नाही, पण मी आभारात लिहीन."

बोलता बोलता ती रडायला लागली आणि तिने माझा हात धरला. मी तिच्याकडे बघत होते. पंप चालू असताना, असं ती म्हणत होती. ते तिने लिहिलंही असणार. पुढे ते छापलं गेलं असतं, दुसऱ्या डॉक्टरांनी वाचलं असतं. पंप चालू असून उपयोग नाही, असं कुणालातरी वाटलं असतं. हे मला तेव्हाच इतकं स्पष्ट सुचलं होतं का मी ते नंतर मनात जोडलं, ते आता सांगता येत नाही. पण तिला आनंद झाला होता आणि तो आनंद खोट्यावर उभा होता, आणि हे फक्त मला माहीत होतं. तेवढं मात्र तेव्हाच कळलं होतं. 

मी उठून साड्यांखालची डबी आणली आणि तिच्या हातात दिली.

तिने उघडली. आधी तिला कळलं नाही. म्हणाली, "ह्या मामांच्या?"

"डेपोतल्या पिशवीत होत्या," मी म्हटलं. "घेतल्या नव्हत्या त्यांनी. चूळ नुसतीच भरत होते."

ती कॅप्सूलकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"माहीत नाही. बहुतेक कंबरेची गोळी बंद केली तेव्हापासून."

"मतलब, पूर्ण पंधरा दिवस?" असं म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. आपण काय विचारलं ते तिचं तिलाच ऐकू आलं होतं. दिवसांचा हिशोब तिला कामासाठी हवा होता. मी तिला त्यासाठी कधी दोष दिला नाही. तिला शिकवलंच तसं होतं. पण तिने स्वतःला दिला.

"मी सांगितलं होतं ना, मामी? पंप बंद करायचा नाही असं मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकलंय."

"आणि मग जेवताना ते बोलले."

"हो."

"आणि मी तसंच आहे म्हणाले."

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ होती. रडत नव्हती. दाराची कडी वाजली, नणंद आली, तेव्हा भाचीने डबी ओढणीत घेतली आणि तोंड धुवायला गेली. नणंदेने विचारलं, "हिला काय झालं?" मी म्हटलं, "मामाची आठवण आली."

तिने दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. लपवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. संध्याकाळी येऊन मला म्हणाली की तो आकडा काढून टाकला. लिहिलेलं एक आणि घडलेलं दुसरं, म्हणून तो धरता येत नाही. आधीच्या वेळीही त्यांनी असं काही केलं नसेल कशावरून, म्हणून त्यांचे आधीचे आकडेही काढले. मी विचारलं, "मग त्यांचं काहीच नाही राहिलं त्यात?"

"नाही, मामी."

"औषध बंद केलं की ती साठते, हे तरी दिसलं ना?"

"एका माणसावरून ते म्हणता येत नाही." ती खाली बघून बोलत होती. "आणि हे बघायला कुणाचंही औषध बंद करायची आम्हाला परवानगीच नाही. कधीच मिळणार नाही. म्हणून तर तसा माणूस मिळत नव्हता."



तिने काम सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडेल. पण त्यानंतर रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पंप बरोबर आणायला सांगायची आणि आपल्यासमोर ओढायला लावायची. काही जण चिडायचे. एकदा तिच्या मैत्रिणीने मला हसत सांगितलं की तिला लॅबमध्ये हवालदार म्हणतात. भाची शेजारीच होती. ती हसली नाही.

क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मी जयपुरातच विद्याधर नगरला एक खोली घेतली आणि भाची माझ्याबरोबर तिथे आली. दर रविवारी रायपूरहून नणंदेचा फोन येतो. आधी माझ्याशी बोलते, मग मुलीशी. दादाचा विषय निघतोच. तिचा आवाज एवढा मोठा की फोन भाचीच्या कानाला असला तरी मला ऐकू येतो. रक्त काढून काढून घालवलं माझ्या दादाला, ती म्हणते. पूर्वी भाची भांडायची, एवढंसं रक्त, त्याने काही होत नाही असं समजावून सांगायची. आता ती मधे बोलत नाही. आईचं संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवते आणि मग विचारते, "बाबांचं बीपी कसं आहे?"